गेजवर पाणी चढलं, इंटरफेरोग्रामवर हललंच नाही: पाणथळीची पातळी रडारने मोजताना होणारे नेहमीचे घोळ

तक्रार साधारण अशी असते. पाणथळीत एक गेज आहे, म्हणजे पाण्याची पातळी नोंदवणारी पट्टी किंवा नळी. १२ दिवसांत त्यावर पाणी २२ सेंटिमीटर चढलं. त्याच दोन तारखांच्या सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाच्या प्रतिमा घेतल्या, इंटरफेरोग्राम (दोन प्रतिमांतल्या फेजच्या, म्हणजे लाटेच्या फेऱ्यातल्या जागेच्या, फरकाचं चित्र) काढला, अनरॅप केला (तुटक फेऱ्यांचे सलग आकडे केले), काठावरच्या कोरड्या जमिनीला शून्य धरलं, आणि गेजच्या जागी आकडा आला ०.६ सेंटिमीटर. मग आधी सॉफ्टवेअरवर संशय. मग डेटा पुन्हा डाउनलोड. मग फिल्टर बदलून पाहणं. आकडा काही ०.६ वरून हलत नाही.

हलणार नाहीच, कारण तो बरोबर आहे. गेजही बरोबर आहे. चूक आहे ती रडारकडून पातळीची अपेक्षा ठेवण्यात.

आधी सिग्नल नेमका कुठून परत येतो ते डोळ्यांसमोर आणा. रडारची लाट तिरकी येते, सपाट पाण्यावर आपटून पुढे सरकते, वाटेत लव्हाळ्याचा देठ किंवा झाडाचं खोड लागतं, त्यावरून ती उलट फिरते आणि उपग्रहाकडे जाते. याला डबल बाउन्स म्हणतात. पाणी वर आलं की ही सगळी वाट थोडी आखूड होते, आणि तेवढा फेज बदलतो. पण फेज हा मिनिटकाट्यासारखा असतो: काटा कुठे आहे ते दिसतं, तास किती झाले ते दिसत नाही. एका पूर्ण फेऱ्यामागे, म्हणजे एका फ्रिंजमागे, पाणी किती चढलं हे काढायला तरंगलांबी निम्मी करा आणि आपातकोनाच्या (लाट उभ्या रेषेपासून जितकी तिरकी येते त्या कोनाच्या) कोसाइनने भागा. सेंटिनेल-१ ची तरंगलांबी ५.५५ सेंटिमीटर. आपातकोन ३९ अंश धरला तर एक फ्रिंज म्हणजे ३.५७ सेंटिमीटर पाणी.

आता २२ ला ३.५७ ने भागून बघा. सहा पूर्ण फेरे, म्हणजे २१.४ सेंटिमीटर, आणि वर उरलेले ०.६. काटा सहा वेळा फिरून जवळजवळ होता तिथेच येऊन थांबला. तुम्ही पाहिलात तो फक्त उरलेला तुकडा.

इथे बरेच जण म्हणतात, पण मी तर अनरॅप केलं होतं. अनरॅपिंग गणिताची एक अट पाळतं: शेजारच्या दोन पिक्सेलमधला खरा फरक अर्ध्या फेऱ्यापेक्षा कमी असतो. पाणथळीच्या आत ही अट बहुतेक वेळा खरी ठरते, कारण पाणी हळूहळू उतरत जातं. पण कोरड्या काठावरून पाण्यात पाऊल टाकलं की एका पिक्सेलमध्ये शून्यावरून थेट २२ सेंटिमीटर. सहा फेऱ्यांची ती उडी गणिताला दिसूच शकत नाही. अनरॅपिंगचं सॉफ्टवेअर स्नाफू असो वा दुसरं काही, ते बिचारं सगळ्यात जवळचं उत्तर देतं.

म्हणून पहिली तपासणी कागदावरच करा. गेजचा आकडा आणि रडारचा आकडा यांतला फरक काढा, त्याला तुमच्या फ्रिंजच्या मापाने भागा. उत्तर पूर्णांकाच्या जवळ आलं तर रडार बहुधा ठीक आहे. "बहुधा" मुद्दाम म्हणतोय. ३.५७ च्या पायऱ्या इतक्या जवळजवळ आहेत की कुठलाही आकडा कुठल्या ना कुठल्या पायरीपासून १.८ सेंटिमीटरच्या आतच पडणार. एका गेजवर हे जुळलं तर तो योगायोगही असू शकतो. त्याच पाण्याशी जोडलेल्या तीन गेजवर तोच सहाचा आकडा आला, तर मात्र निश्चिंत व्हा.

मापही स्वतःच्या पिक्सेलसाठी काढा. सेंटिनेल-१ च्या नेहमीच्या पट्ट्यात आपातकोन साधारण २९ ते ४६ अंश असतो, म्हणजे एक फ्रिंज एका कडेला ३.२ सेंटिमीटर तर दुसऱ्या कडेला ४. कुठल्या तरी लेखातला आकडा उचलून सहा फ्रिंजांना लावला की चार-पाच सेंटिमीटर कुठेही जातात, आणि मग ते हवेच्या माथी मारले जातात.

लांब तरंगाचं रडार असेल तर हा त्रास बराच हलका होतो. अलोस उपग्रहावरच्या पालसार रडारची तरंगलांबी २३.६ सेंटिमीटर होती आणि नेहमीच्या कोनात एका फ्रिंजमागे सुमारे १५ सेंटिमीटर पाणी यायचं. वरच्या २२ सेंटिमीटरसाठी एकच फेरा आणि थोडं वर. टेरासार-एक्स उपग्रहाच्या ३.१ सेंटिमीटर तरंगात तेच पाणी अकरा फेरे मारेल. बारीक माप म्हणजे चांगलं माप, असं इथे अजिबात नाही.

एकसारखं चढलेलं पाणी दिसतच नाही

याच दुखण्याचं दुसरं रूप. इंटरफेरोग्राममध्ये पाणथळ स्वच्छ, कोहेरन्स (दोन तारखांच्या सिग्नलमधला मेळ) उत्तम, आणि रंग मात्र सगळीकडे एकच. "काहीच बदल नाही" असा निष्कर्ष काढून लोक मोकळे होतात. सगळं पाणी एकसारखं फूटभर चढलं असेल तरी चित्र असंच दिसेल. फ्रिंज दिसतात त्या उतार बदलला म्हणून: एका टोकाला पाणी जास्त चढलं, दुसऱ्या टोकाला कमी. आत सोडलेल्या पाण्याचा फुगवटा, फाटकाजवळचा उतार, पाणी कुठल्या बाजूला सरकतंय, हे रडार असं दाखवतं की शंभर गेज लावूनही दिसणार नाही. पण तो फुगवटा कशावर उभा आहे, हे सांगायला एक तरी गेज लागतो.

एक म्हणजे बांधाने वेगळ्या झालेल्या प्रत्येक कप्प्यासाठी एक. फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्सचे इंटरफेरोग्राम पाहिलेत तर हे पटकन समजतं. तिथल्या जलसंधारण क्षेत्रांमध्ये बांध आणि कालवे आहेत, आणि फ्रिंज बांधाशी येऊन अशा तुटतात जणू कात्रीने कापल्यात. पलीकडच्या कप्प्यात वेगळीच नक्षी. प्रत्येक कप्पा हा आपापलं शून्य घेऊन तरंगणारं बेट आहे. सरावासाठी हीच जागा घ्या असं मी नेहमी सांगतो, कारण तिथे गेजचं दाट जाळं आहे आणि ईडन नावाच्या यंत्रणेतून ४०० मीटरच्या जाळीवर रोजची पाणीपातळी मिळते. चूक कुठे झाली ते लपत नाही.

कप्प्यांच्या बाबतीत तीन चुका सारख्या दिसतात, आणि तिन्ही आपणच केलेल्या असतात. मल्टिलुक करताना, म्हणजे शेजारचे पिक्सेल सरासरीने एकत्र करताना, पिक्सेल इतका मोठा केला जातो की बांध त्यातच गडप होतो आणि दोन्हीकडचं पाणी मिसळतं. गोंगाट कमी करणारा गोल्डस्टाइन फिल्टर जोरात लावला की तो तुटलेल्या फ्रिंज प्रेमाने जोडून देतो. चित्र सुंदर दिसतं आणि खोटं असतं. तिसरी म्हणजे सगळा परिसर एकदम अनरॅप करणं. बांधांचे पिक्सेल मास्क करून वगळा, प्रत्येक कप्पा वेगळा अनरॅप करा, त्याला त्याच्याच गेजने उचलून जागेवर ठेवा. वेगळ्या अनरॅप केलेल्या कप्प्याला लावायची दुरुस्ती पूर्णांक फ्रिंजच असेल असं नाही, ती कितीही निघू शकते, कारण तिथलं शून्य तुम्ही मनाने धरलेलं आहे. वरची पूर्णांकाची तपासणी कोरड्या जमिनीशी सलग जोडलेल्या चित्रालाच लागू पडते. आणि ज्या गेजने उचललंत त्याच गेजवर पडताळणी करू नका. तो जुळणारच, तुम्हीच जुळवला आहे.

बऱ्याच तारखांची साखळी करत असाल तर ही दुरुस्ती प्रत्येक जोडीला स्वतंत्र लागते. एकदाच लावून सगळ्या जोड्यांना पुरेल असं होत नाही, आणि जमीन खचण्याच्या कामातून इकडे आलेल्यांना ही गोष्ट पचायला वेळ लागतो. जमीन १२ दिवसांत मिलिमीटरने हलते. पाणी हातभर हलतं.

कोहेरन्सच नाही

पाणथळीच्या जागी नुसता रंगीत भुसा दिसत असेल तर आधी तिथे उभं काय आहे ते बघा. उघडं पाणी असेल तर विषय संपला. सपाट पाणी लाट पुढे ढकलून देतं, परत काही येत नाही, आणि वाऱ्याने ते हललं तर दोन तारखांच्या लाटा एकमेकींशी कधीच जुळत नाहीत. इन्सारला, म्हणजे फेजवरून मोजायच्या या पद्धतीला, पाण्यातून वर आलेले देठ किंवा खोडं लागतात. जलपर्णीसारखी तरंगती झाडंही चालत नाहीत: ती पाण्याबरोबर वर येतात, वाऱ्याबरोबर सरकतात, आणि दोन तारखांना त्याच पिक्सेलमध्ये वेगळंच झुडूप असतं.

देठ आहेत आणि तरीही भुसा? मग जोडीतला काळ कमी करा. सेंटिनेल-१ चा एक उपग्रह १२ दिवसांनी त्याच जागी येतो, दोन असले की ६ दिवसांनी. २०२१ च्या डिसेंबरमध्ये सेंटिनेल-१बी बंद पडला, आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये सेंटिनेल-१सी वर जाईपर्यंत एकच उपग्रह होता. त्या काळातल्या जोड्यांमध्ये कोहेरन्स अचानक खालावलेला दिसला तर पाणथळीत काही घडलं असं लगेच समजू नका. मुळात जोड्याच लांब झाल्या.

दाट झाडी असेल तर छोटा तरंग पानांतच अडकतो, आणि पानं रोज बदलतात. लांब तरंग त्यातून खाली खोडांपर्यंत जातो. ही गोष्ट नवीन नाही. २००० साली नेचरमध्ये डग्लस अल्सडॉर्फ आणि सहकाऱ्यांनी ॲमेझॉनच्या पूरमैदानातल्या पाणीपातळीचा बदल इन्सारने मोजून दाखवला, तो १९९४ च्या अंतराळ शटलवरच्या एसआयआर-सी रडारच्या लांब तरंगावर. २०२५ च्या ३० जुलैला गेलेल्या निसार या रडार उपग्रहाकडून पाणथळीवाले आस लावून आहेत ते याचमुळे: सुमारे २४ सेंटिमीटरचा तरंग आणि १२ दिवसांची फेरी. मात्र फुकट काही मिळत नाही. आयनोस्फिअरमुळे (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरामुळे) होणारा उशीर लांब तरंगात सेंटिनेल-१ च्या तुलनेत साधारण १८ पट असतो, आणि तो रुंद, तिरक्या उतारासारखा दिसतो. स्प्लिट-स्पेक्ट्रम दुरुस्ती (दोन वारंवारतांतल्या फरकावरून हा उशीर काढणं) न करता त्या उताराला पाण्याचा उतार म्हणू नका.

आणखी एक फसवणूक उलट दिशेची. कोहेरन्स काढताना खिडकी (एका वेळी हिशेबात घेतलेल्या पिक्सेलचा चौकोन) फार लहान घेतली तर नुसत्या गोंगाटालाही ०.३ किंवा त्याहून जास्त आकडा मिळतो. उघड्या तलावावर कोहेरन्स किती येतोय ते बघा. तो तुमचा खरा शून्य. पाणथळीचा आकडा त्याच्या वर किती आहे एवढंच महत्त्वाचं.

फ्रिंज आहेत, पण पाण्याच्या आहेत का?

दमट हवेत एक पूर्ण फ्रिंज नुसत्या बाष्पामुळे सहज येते, आणि सेंटिनेल-१ वर ती साडेतीन सेंटिमीटर पाणी असल्याचा आव आणते. ओळखायची माझी पहिली खूण: फ्रिंज बांधाशी थांबते का? पाण्याची फ्रिंज थांबते. हवेची फ्रिंज बांध, कालवा, रस्ता, शेत सगळं ओलांडून निवांत पुढे जाते.

दुसरी खूण तीन तारखांची. क, ख, ग अशा ओळीने तीन तारखा घ्या. क-ख आणि ख-ग या दोन्ही इंटरफेरोग्राममध्ये एकच नक्षी उलट चिन्हाने दिसली आणि क-ग मध्ये ती गायब झाली, तर ख या दिवशी आकाशात काहीतरी होतं. पाणीही चढून तेवढंच उतरू शकतं, हे खरं. पण मग गेजवर ते दिसेल. हवामान मॉडेलवरून केलेली दुरुस्ती लांबवरचा उतार काढते, छोटे ढगाळ डाग नाही. काही वेळा ती चित्र बिघडवतेसुद्धा. लावण्याआधीचं आणि नंतरचं चित्र कोरड्या जमिनीवर ताडून बघा, आणि बिघडत असेल तर संकोच न करता काढून टाका.

सरळ आडव्या रेषेवर रंग उडी मारतो

हे पाणी नाही, हवा नाही, बर्स्टची शिवण आहे. सेंटिनेल-१ जमिनीची प्रतिमा तुकड्यातुकड्यांत, म्हणजे बर्स्टमध्ये, घेतो आणि दोन तारखांचे तुकडे पिक्सेलच्या हजाराव्या भागाइतके अचूक बसावे लागतात. स्नॅप या सॉफ्टवेअरमधली एन्हान्स्ड स्पेक्ट्रल डायव्हर्सिटीची पायरी ही सूक्ष्म दुरुस्ती दोन बर्स्ट जिथे एकमेकांवर येतात त्या पट्टीतून शोधते. तुम्ही डेटा कमी करायचा म्हणून फक्त पाणथळीपुरते दोन बर्स्ट कापून घेतलेत, आणि ती पट्टी नेमकी पाण्यावर पडली. तिथे कोहेरन्स नाही, म्हणून दुरुस्तीचा अंदाज भरकटतो. आणखी बर्स्ट घ्या, ज्यांत खडक, वस्ती किंवा उघडी कोरडी जमीन आहे. तेही जमत नसेल तर ती पायरी गाळून फक्त अचूक कक्षेच्या फाइलवर जुळवणी करा. बऱ्याचदा तेवढं पुरतं. अचूक कक्षा साधारण २० दिवसांनी येते, त्यामुळे परवाच्या प्रतिमेवर घाई करून हाती काही लागत नाही.

चिन्हच उलटं

पाणी चढलंय आणि नकाशा उतरलं म्हणतोय. बहुतेक वेळा पहिली आणि दुसरी प्रतिमा कोणती, यातला गोंधळ. प्रतिमांचा क्रम बदलला की चिन्ह बदलतं, आणि प्रत्येक सॉफ्टवेअरची रीत आपली वेगळी. मी एकदाच, ज्या जोडीत पाणी नक्की चढलेलं आहे अशी जोडी घेऊन, दोन गेजमधला फरक ताडून बघतो आणि ते चिन्ह फोल्डरच्या नावात लिहून ठेवतो. वेडेपणा वाटेल, पण दोन वर्षांनी तोच फोल्डर उघडताना त्याचे उपकार वाटतात.

वेळ

यात माझे तीन आठवडे गेलेत. भरती-ओहोटीच्या पाणथळीचं काम होतं. रडार आणि गेज कधी छान जुळायचे, कधी पार विरुद्ध जायचे. हवा तपासली, बर्स्ट तपासले, दुसऱ्या ट्रॅकवर (उपग्रहाच्या दुसऱ्या वाटेवर) सगळं नव्याने केलं. शेवटी फाइलच्या नावाकडे नीट पाहिलं. त्यातली वेळ जागतिक, गेजची स्थानिक, आणि मी दोन्ही एकाच रकान्यात टाकून शेजारी-शेजारी लावले होते. भरतीच्या पाण्याला तास सरकला तरी चालत नाही, मी तर अर्धी भरती चुकवत होतो. आता गेजची नोंद घेतली की आधी तिची वेळ बदलून घेतो, मग बाकीचं. भरती नसलेल्या जागीसुद्धा दिवसाची सरासरी वापरू नका. सेंटिनेल-१ स्थानिक वेळेनुसार सकाळी सहाच्या किंवा संध्याकाळी सहाच्या आसपास जातो. त्या तासाची नोंद घ्या.

उन्हाळ्यात आकडे निरर्थक होतात

पावसाळ्यात सगळं छान जुळत होतं, पाणी ओसरल्यावर गेज ६० सेंटिमीटर खाली गेला आणि रडार २ सेंटिमीटर म्हणतंय. पूर्णांक फ्रिंजही जुळत नाहीत. कारण पाणी आता जमिनीखाली आहे. गेजची नळी खाली जाते, तिला ते दिसतं. रडारची लाट मात्र आता ओल्या मातीवर आपटतेय, आणि तिचा फेज मातीच्या ओलाव्याने, पीटसारखी मऊ जमीन फुगण्या-बसण्याने बदलतोय. हे मोजमाप चुकीचं नाही, दुसऱ्याच गोष्टीचं आहे. गेजच्या जागी जमिनीची उंची माहीत करून घ्या आणि पाणी त्याखाली गेलेल्या तारखा पातळीच्या साखळीतून काढा. जोडीतली एक तारीख पाण्याची आणि एक कोरडी असेल तर ती जोडीही बाद.

फेज नको, नुसत्या उजळपणावर काम चाललंय

गूगलच्या अर्थ इंजिनवर काम करणारे बहुतेक इथेच असतात. तिथल्या सेंटिनेल-१ च्या संग्रहात फेज नाहीच, फक्त बॅकस्कॅटर, म्हणजे परत आलेल्या सिग्नलचा जोर, आहे, त्यामुळे "तिथे इन्सार कसं करू" या प्रश्नाचं उत्तर सरळ "नाही" असं आहे. फेज असलेला एसएलसी डेटा बाहेर उतरवून घ्यावा लागतो.

बॅकस्कॅटरच्या आलेखात सगळ्यात जास्त विचारली जाणारी गोष्ट म्हणजे करवतीचे दात: एक तारीख वर, पुढची खाली, पुन्हा वर. पाणी असं नाचत नाही. तुम्ही चढता आणि उतरता (उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे जाणारा) ट्रॅक एकत्र केलात, किंवा शेजारचे दोन ट्रॅक. कोन वेगळा, बघायची बाजू वेगळी, सकाळ-संध्याकाळचा वारा आणि दवही वेगळं. सापेक्ष कक्षेच्या क्रमांकाने गाळून एका वेळी एकच ट्रॅक घ्या. दात गायब होतील.

दुसरी गोष्ट उमजायला अवघड. काळं म्हणजे पाणी, हा नियम उघड्या पाण्यापुरताच. देठांखाली पाणी शिरलं की डबल बाउन्समुळे ती जागा उजळते. १९७८ च्या सीसॅट उपग्रहाच्या चित्रांतही पुराखालची जंगलं अशी चमकताना दिसली होती. काळ्या रंगाचा उंबरठा लावणारी पद्धत नेमका हाच भाग कोरडा म्हणून सोडून देते. आणि पाणी आणखी चढलं, देठ बुडाले, की तीच जागा पुन्हा काळी होते. म्हणजे पाणी चढत असताना उजळपणा आधी वाढतो, मग घटतो. त्यावर एक सरळ रेषा बसवून पातळी काढायची म्हटलं तर वर्षाचा एक भाग जुळेल आणि उरलेला उलटा येईल. गवताची उंची किती, हे माहीत नसेल तर असं समीकरण बसवू नका. पाणी पसरलंय किती एवढंच सांगा.

वाऱ्याने खवळलेला तलाव उजळ होऊन "नाहीसा" होतो, तेही इथलंच. व्हीव्हीमध्ये (उभी लाट पाठवून उभीच टिपणं) हे जास्त, व्हीएचमध्ये (उभी पाठवून आडवी टिपणं) कमी. डबल बाउन्ससाठी एचएच (दोन्ही आडव्या) सगळ्यात चांगलं, पण सेंटिनेल-१ जमिनीवर बहुतेक ठिकाणी व्हीव्ही आणि व्हीएचच देतो. आहे त्यात भागवायचं.

थेट पातळी हवीच असेल तर

मग इन्सार सोडा आणि अल्टिमीटरकडे जा. तो सरळ खाली बघतो आणि उंची देतो, पण फक्त त्याच्या वाटेखालच्या रेषेवर. अल्टिमीटर असलेला सेंटिनेल-३ त्याच वाटेवर २७ दिवसांनी येतो. तुमची पाणथळ त्या वाटेवर नसेल तर इलाज नाही. असेल आणि आकडे कित्येक मीटरने चुकत असतील, तर नव्वद टक्के वेळा उंची कुठून मोजली हा घोळ: उपग्रह लंबवर्तुळाभापासून (पृथ्वीच्या गणिती आकारापासून) मोजतो, गेज स्वतःच्या शून्यापासून, आणि मध्ये जिऑइड (समुद्रसपाटीचा काल्पनिक पृष्ठभाग). चूक प्रत्येक तारखेला जवळपास तेवढीच असेल तर हेच समजा. उलट पाण्याची रेषा काठाकडे वाकून कमानीसारखी दिसत असेल, तर अल्टिमीटर बाजूला गेल्यावरही त्या चमकदार पाण्याकडेच बघत राहिला आहे. कमानीचा माथा तेवढा ठेवा.

डिसेंबर २०२२ मध्ये गेलेला स्वॉट उपग्रह रेषेऐवजी दोन्ही बाजूंना ५० किलोमीटरचे पट्टे देतो, २१ दिवसांच्या चक्रात, आणि खऱ्या उंचीसकट. पण त्याचा तरंग सुमारे ८ मिलिमीटरचा. उघड्या पाण्यावर तो उत्तम, दाट लव्हाळ्यात अडखळतो, आणि वारा पूर्ण पडला की आरशासारखं पाणी त्याच्या चित्रात काळं पडून गायब होतं. इन्सारला जिथे जमत नाही तिथे याला जमतं, आणि याचं जिथे अडतं तिथे इन्सार चालतं. एकाच पाणथळीत दोन्ही वापरा: उघड्या डबक्यावर स्वॉटची पातळी, आणि तिला जोडून झाडीतला उतार इन्सारचा. डबकं आणि झाडी एकाच कप्प्यात असली पाहिजेत, एवढीच अट.

सगळं तपासलं, तरी एकच गेज जुळत नाही

मग गेज तपासा. हे शेवटी लिहितोय, पण याची पाळी वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा येते. एका कप्प्यात चार गेज होते. तीन रडारशी जुळायचे, चौथा एका ठराविक तारखेआधी जुळायचा आणि नंतर जुळायचा. फक्त ती तारीख मध्ये घेणारी जोडी फसायची, मग ती कुठलीही घ्या, आणि फसायची ती प्रत्येक वेळी तेवढ्याच सेंटिमीटरने. हवा असती तर दर वेळी वेगळा आकडा आला असता. अनरॅपिंगची चूक असती तर फरक फ्रिंजच्या पटीत आला असता, आणि तोही वेगळ्या ट्रॅकवर, वेगळ्या कोनात बदलला असता. दोन्ही ट्रॅकवर तो तोच राहिला. आठवड्याने जाऊन पाहिलं तर खांब नवा होता. जुना वाकल्यावर कुणीतरी तो बदलला होता, पट्टी नीट ठोकली होती, आणि नवं शून्य कुठल्याच वहीत लिहिलं नव्हतं.